मुस्तफा, कुलूपवाल्या सीड्या आणि गुरुजींची फाईल

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडं एक काम आहे.

झालं असं. कार्तिकी पौर्णिमेच्या आधी मी दरवर्षी दुकान आवरायला काढतो. मांजरसुंब्यात माझं झेरॉक्स अन् डीटीपीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. एकदा कपिलधारच्या यात्रेच्या दिंड्या यायला लागल्या की बॅनर, पावतीपुस्तकं, अन्नदानाच्या पत्रिका यातून मान वर काढायला वेळ मिळत नाही. तर यंदा माळ्यावर सीड्यांचं एक जाडजूड पाकीट सापडलं. नव्वदेक सीड्या असतील. दिवाळीला पुण्याहून आलेला भाचा यात्रेसाठी थांबला होता, त्याच्या हातात ते पाकीट पडलं आणि माझं आवरणं तिथंच संपलं.

त्यात एकाच गेमच्या दोन सीड्या निघाल्या. एक ओरिजिनल, मी २००२ साली पुण्यातून ५९९ रुपयांना आणलेली. तेव्हाचे ५९९ म्हणजे काय ते ज्यांनी कमावलेत त्यांनाच कळेल. दुसरी त्याच गेमची डुप्लिकेट, वर मार्करनं माझ्याच अक्षरात 'क्रॅक' लिहिलेलं. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह अजून आहे, पण विंडोज नंतरचं टाकलेलं, १०. आधी ओरिजिनल घातली. इन्स्टॉल झाली, पण चालू करायला गेलो तर काहीच होईना. मग डुप्लिकेट घातली. दोन मिनिटांत गेम सुरू.

भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे चोरीचा माल चालतोय अन् पैसे देऊन आणलेला बंद!"

मी हसलो खरा, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्याच माळ्यावर माझी दुसरी एक फाईल अशीच कुलपात मेलेली आहे, आणि ती गेम नाही. तिच्याकडं येतोच. आधी या कुलपांचा इतिहास सांगतो, तो वाटतो त्यापेक्षा मजेदार आहे.

आमच्या वयाच्या माणसाचा गेमशी पहिला संबंध आला तो मुस्तफामुळं. ९०च्या दशकात यात्रेत पाळणे, फोटो स्टुडिओ, बांगड्यांची दुकानं यांच्या रांगेत एका तंबूत जनरेटरवर चालणारी दोन मशीन लागायची. बीडला गेलं की सुभाष रोडच्या आसपास पार्लर होतीच. रुपयाला टोकन. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ ला काढलेला. पण आपल्याकडं ते नाव कोण घेतो? चार हिरोंपैकी एकाचं नाव मुस्तफा, त्याची पळत येऊन हवेतली लाथ सगळ्यांची लाडकी, म्हणून अख्खा गेमच 'मुस्तफा'. तिसऱ्या लेव्हलला गाडी मिळायची. तिथपर्यंत एका टोकनात पोचणाऱ्या पोराच्या मागं दहाजण उभे राहायचे.

आता यातली गंमत बघा. त्या मशीनच्या आत जी ओरिजिनल पाटी असायची, म्हणजे सर्किट बोर्ड, तिच्यात कंपनीनं एक बॅटरी बसवलेली होती. नकला होऊ नयेत म्हणून गेमच्या आवाजाचा भाग सांभाळणाऱ्या चिपमधला प्रोग्राम सांकेतिक भाषेत लिहिलेला, आणि त्या सांकेतिक भाषेची किल्ली बॅटरीच्या जोरावर टिकून राहिलेली. बॅटरी संपली की किल्ली पुसली गेली, किल्ली गेली की पाटी मेली. मशीन चोरलेलं असो की लाखभर देऊन घेतलेलं असो, मरण सारखंच. जगभरचे जुने मशीनवाले या बॅटरीला आत्महत्येची बॅटरी म्हणतात. कॅपकॉमनं पुढच्या पिढीच्या पाट्यांमध्ये तर हाच प्रकार आणखी पक्का केला.

कंपनीचं गणित साधं होतं. गेमचं आयुष्य दोन-तीन वर्षं, बॅटरीचं त्याहून बरंच जास्त. तोवर धंदा झालेला असणार, पुढचं कोण बघतो?

पुढचं बघितलं हौशी लोकांनी. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं १९९७ च्या फेब्रुवारीत 'मेम' नावाचा प्रोग्राम काढला. जुन्या पार्लर मशीनचं हुबेहूब सोंग साध्या कॉम्प्युटरवर आणायचं, हे त्याचं काम. मशीन मेलं तरी ते कसं चालायचं याची नोंद राहावी, असा त्यामागचा हेतू. आज तुम्ही मोबाईलवर मुस्तफा खेळता तो अशाच प्रोग्रामच्या जिवावर. कायद्यानं विकत घ्यायचा म्हटलं तर मुस्तफा मिळतच नाही. गेम निघाला एका अमेरिकन कॉमिकवरून, नावात कॅडिलॅक गाडीचा ब्रँड, हक्कवाले अनेक. इतक्या वर्षांत घरच्या मशीनवर हा गेम अधिकृतपणे कधीच आला नाही. जो गेम आपल्याकडच्या एका पिढीला तोंडपाठ आहे, त्याची सरळ मार्गानं एक प्रत घ्यायला दुकानच नाही!

कॉम्प्युटरवरच्या गेमची कुलपं वेगळी होती. सुरुवातीची तर अगदी भाबडी. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो का? जॉर्डन मेकनर या पोरगेल्या अमेरिकनानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून, त्याचं शूटिंग करून त्यावरून चित्रं काढली आणि १९८९ ला गेम आणला. त्याच्या डॉसवाल्या आवृत्तीत पहिली लेव्हल झाली की एक खोली यायची, औषधाच्या बाटल्यांनी भरलेली. प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. सांगायचे, माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर अमुक ओळीतला अमुक शब्द बघा, त्याचं पहिलं अक्षर असेल ती बाटली प्या. पुस्तिका कोणाकडं? ज्यानं पैसे देऊन डबा घेतला त्याच्याकडं. आपल्याकडं तो डबा कोणी पाहिलाय? एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर आलेला गेम आपण खेळलो. मी क्लासमध्ये पहिल्यांदा खेळलो त्यात ती खोलीच नव्हती, कोणीतरी आधीच काढून टाकलेली.

या गेमची पुढची गोष्टही ऐका. मेकनरनं स्वतः लिहिलेला मूळ कोड पुढं त्याच्याच हाती लागेना. तो अनेक वर्षं शोधत राहिला. शेवटी २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींचं खोकं सापडलं. जाणकार माणसं जुनी मशीन घेऊन बसली, फ्लॉपी वाचल्या, आणि मेकनरनं तो कोड सगळ्या जगासाठी खुला टाकला. त्याचं नशीब थोर. सगळ्यांच्याच घरी असं खोकं निघत नाही.

सीडीच्या जमान्यात कुलपं निबर झाली. सेफडिस्क, सिक्युरॉम अशी नावं. सीडीवर मुद्दाम अशा खुणा ठेवायच्या की घरच्या बर्नरवर त्यांची नक्कल उतरू नये, आणि विंडोजच्या पार आत एक ड्रायव्हर बसवायचा, जो दरवेळी खूण तपासेल. क्रॅक करणाऱ्यांनी काय केलं? तपासणीच काढून टाकली. म्हणजे डुप्लिकेटवाल्याला सीडी घालायची कटकट नाही, आणि पैसे देणाऱ्यानं दरवेळी सीडी शोधायची, तिला चरे पडले की रडायचं.

मग २०१५ मध्ये विंडोज १० आलं. कॉम्प्युटरच्या इतक्या आत शिरणारे हे ड्रायव्हर सुरक्षेला धोका आहेत म्हणून मायक्रोसॉफ्टनं ते चालवणंच बंद केलं. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. पण एका रात्रीत जगभरातल्या कपाटांमधल्या कितीतरी ओरिजिनल सीड्या मुक्या झाल्या. माझी ५९९ वाली त्यातलीच एक. कुलूप लावणारे दुकान बंद करून गेले, किल्ली बनवणारे गेले, कुलूप तेवढं राहिलं.

आता पोलंडला चला. तिथली माणसं आपल्यासारखीच डुप्लिकेट बाजारात वाढलेली आहेत, म्हणून त्यांचं मला जास्त पटतं.

मार्चिन इविन्स्की आणि मिखाव किचिन्स्की हे दोघं वॉर्साचे शाळूसोबती. तिकडं १९९४ पर्यंत सॉफ्टवेअरला धड कायद्याचं संरक्षणच नव्हतं. शनिवार-रविवारी कॉम्प्युटर बाजार भरायचा, तिथं कॉपी केलेले गेम उघड विकले जायचे. ओरिजिनल असा काही प्रकार असतो हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. आपल्याकडं वेगळं काय होतं? १९९४ मध्ये या दोघांनी सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली आणि गेम कायदेशीरपणे आयात करून विकायला लागले. अडचण उघड होती. शेजारच्या टेबलावर तोच गेम पाव किमतीत मिळतो, मग तुमचा कोण घेणार?

त्यांनी पोलीस बोलावले नाहीत. १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' नावाचा मोठा गेम त्यांनी पूर्ण पोलिश भाषेत करून आणला. नावाजलेल्या नटांचे आवाज, भक्कम डबा, आत नकाशा, पुस्तिका. डुप्लिकेटवाल्याकडं पाच सीड्या कॉपी करायला जो खर्च यायचा, त्याच्यापेक्षा हा थोडा महाग, पण हातात घेतला की ठेवून द्यावासा वाटणारा. लोकांनी घेतला. चोरी करणाऱ्याला धडा शिकवण्यापेक्षा पैसे देणाऱ्याला जास्त द्यायचं, हे त्यांचं सूत्र तिथून ठरलं. मी दुकानदार आहे, मला यातलं धंद्याचं डोकं आवडतं. नीतीचं व्याख्यान नाही, गिऱ्हाईक कशानं येतं तेवढंच बघितलं.

२००८ मध्ये याच लोकांनी इंटरनेटवर एक दुकान टाकलं. नाव 'गुड ओल्ड गेम्स', पुढं नुसतं 'गॉग'. माल कोणता, तर दहा-पंधरा वर्षं जुने गेम, जे बाजारातून गेलेले. किंमत सहा किंवा दहा डॉलर. आणि मुख्य म्हणजे कुलूप नाही. एकदा पैसे दिले की इन्स्टॉल करायची फाईल तुमची. पेनड्राइव्हवर ठेवा, इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर टाका, वीस वर्षांनी परत टाका. कोणाला विचारायचं नाही.

ही वेळ लक्षात घ्या. त्याच वर्षी, त्याच सप्टेंबरच्या सुमारास 'स्पोअर' हा मोठा गेम आला होता. त्याला इतकं कडक कुलूप की एका खरेदीवर तीनदाच चालू करता यायचा. कॉम्प्युटर फॉरमॅट केला की एक संधी गेली. लोकांनी ॲमेझॉनवर शिव्यांचा पाऊस पाडला, आणि तो त्या वर्षी सगळ्यात जास्त चोरला गेलेला गेम म्हणून गाजला. अशा दिवसांत कुलूपच न लावणारा दुकानदार वेडाच ठरणार. मोठ्या कंपन्या म्हणायच्या, एकानं घेतला की हजारांना वाटेल.

तीन वर्षांनी याचा एक मासला बघायला मिळाला. २०११ मध्ये सीडी प्रोजेक्टनं स्वतः बनवलेला 'द विचर २' एकाच दिवशी दोन तऱ्हांनी विकला. बाजारातल्या डब्यात कुलूपवाला, गॉगवर बिनकुलपाचा. चोरांनी इंटरनेटवर पसरवला तो कोणता? कुलूप फोडलेला डब्यातला! बिनकुलपाची फाईल समोर पडलेली असताना. फोडण्यातच त्यांची फुशारकी असते. आणि ते कुलूप गेमचा वेग खात होतं, म्हणून कंपनीनं थोड्याच दिवसांत अपडेट देऊन डब्यातल्या प्रतीचंही काढून टाकलं.

जुना गेम परत आणायचा म्हणजे नुसती फाईल चढवली असं नाही. आजच्या कॉम्प्युटरवर तो चालवायला आतून डागडुजी लागते. डॉसच्या जमान्यातल्या बऱ्याच गेमना गॉग 'डॉसबॉक्स' नावाचा प्रोग्राम जोडून देतं, जो हौशी लोकांनी बनवून फुकट खुला ठेवलाय. म्हणजे ज्यांना कंपन्या चोरांचे भाऊबंद समजत होत्या, त्यांच्याच कामावर हा सरळमार्गी धंदा उभा आहे.

आणि त्याहून अवघड काम म्हणजे मालक शोधणं. आपल्याकडं जमिनीच्या वारसनोंदी निघतात ना, पणजोबाच्या नावावरचा तुकडा, सोळा हिस्सेदार, तीन मुंबईला, एकाचा पत्ताच नाही, अगदी तसं. स्टीव्हन किक नावाचा एक तरुण २०१२ मध्ये नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. ग्वाटेमालात त्याला लहानपणचा 'सिस्टम शॉक २' खेळावासा वाटला. चालेना. विकत घ्यावा तर कुठंच नाही. बनवणारी कंपनी २००० सालीच बुडालेली. शोधत गेला तर हक्क निघाले एका विमा कंपनीकडं! तिला गेमशी काय देणंघेणं? यानं पत्रव्यवहार केला, परवानगी मिळवली, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत गेम गॉगवर आला. त्यातूनच नाईटडाइव्ह नावाची त्याची कंपनी उभी राहिली. पण त्याच माणसानं 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर' या २००० सालच्या गेमसाठी हाच खटाटोप केला, तर तीन बड्या कंपन्यांपैकी कागद नेमके कोणाकडं आहेत हेच कोणी सांगेना. मात्र "तू काढलास तर बघून घेऊ" हे कळवायला वेळ होता. हात टेकले त्यानं.

हे अपवाद नाहीत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये मोजदाद केली. तिथं २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गानं मिळत नाहीत. पिढी अजून म्हातारी झाली नाही अन् तिच्या लहानपणातला एवढा माल गायब.

गॉग म्हणजे धुतल्या तांदळाचे असंही समजू नका. २०१० च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहिरातीसाठी दुकान अचानक बंद केल्याचं सोंग आणलं. चार-पाच दिवस गिऱ्हाइकांना वाटलं, बुडालो. मग साहेब लोक साधूच्या वेशात प्रकट झाले, माफी मागितली आणि नवीन दुकान उघडलं. (यात्रेत असली सोंगं आम्ही पाच रुपयांत बघतो.) पण त्या दिवसांत एक गोष्ट सिद्ध झाली. ज्यांनी फाईल आधीच उतरवून ठेवली होती त्यांचं काही अडलं नाही. पुढं २०२० च्या डिसेंबरमध्ये 'डिव्होशन' हा तैवानी गेम आणायची घोषणा केली आणि काही तासांत मागं घेतली. कारण दिलं, गेमरांचे निरोप आले. त्या गेममध्ये चीनच्या अध्यक्षांची टिंगल होती, तेव्हा निरोप कसले ते लोकांनी ओळखलं. २०२१ मध्ये 'हिटमॅन' विकायला ठेवला, ज्यातलं बरंच काही इंटरनेटशिवाय उघडत नव्हतं. गिऱ्हाइकांनीच आरडाओरडा करून काढायला लावला. गिऱ्हाईक दुकानदाराला त्याचाच बोर्ड वाचून दाखवतं, हे मला फार आवडलं.

बाकीच्या बाजाराची दिशा उलटी आहे. 'व्हाइस सिटी' आपल्या पोरांचा जीव की प्राण. त्यातल्या रेडिओवरच्या काही गाण्यांचा करार संपला आणि २०१२ च्या सुमारास ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या प्रतीतून ती गाणी गेली. 'सॅन अँड्रियास'मधून २०१४ मध्ये गेली, तीही अपडेट म्हणून. ज्यांच्याकडं जुनी सीडी आहे त्यांच्याकडं गाणी आहेत. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केला, आणि एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी गेम उघडेना. पैसे दिलेले होते, डबा घरात होता. त्यावरून युरोपात 'गेम मारणं थांबवा' अशी मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं डिजिटल मालावर नुसतं 'विकत घ्या' लिहून चालत नाही, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी मिळतेय हे स्पष्ट सांगावं लागतं. कायमची उतरवून ठेवता येणारी फाईल देत असाल तर मात्र सूट आहे.

आपल्याकडं काय? कॉपीराइट कायद्यात २०१२ ला कलम ६५अ आलं. कुलूप तोडणं गुन्हा, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पण आपल्या कायद्यात एक शहाणपण आहे. हक्क बुडवण्याच्या हेतूनं तोडलं तरच. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यासारखं सरसकट नाही. आणि कलम ५२ प्रमाणे, कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रामची हरवण्या-बिघडण्यापासून बचावासाठी बॅकअप प्रत करता येते. बाकी आपल्या राज्याचा एमपीडीए कायदा बीडकरांना पाठ आहेच. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्या यादीत २००९ ला 'व्हिडिओ पायरेट' जोडले गेले, नंतर वाळू तस्कर. वाळूवाल्यांच्या आधी नंबर आमचा लागला होता!

हो, 'आमचा'. आता लपवायचं काय. २००३ ते २००७ मी ३० रुपयाला एक अशा गेमच्या सीड्या जाळून विकल्या. बर्नरचा हप्ता त्यातूनच फेडला. तेव्हा काही वाटलं नाही. आज वाटतं, आणि तरी हेही दिसतं की त्या पाकिटातल्या ज्या सीड्या आज चालतात त्या माझ्याच पापाच्या आहेत. ही दोन्ही वाक्यं मला एकाच वेळी खरी वाटतात.

आता ती दुसरी फाईल.

आमच्या शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी होते. लहानपणापासून कपिलधारच्या वारीला चालत जायचे. वाटेतले मुक्काम, कोणत्या गावात कोण जेवू घालायचं, कोणत्या साली धबधब्याला पाणी नव्हतं, बहात्तरच्या दुष्काळात दिंडीचं काय झालं, सगळं त्यांनी फुलस्केप वहीत लिहिलेलं. २००५ मध्ये ते माझ्याकडं टाईप करायला दिलं. १३६ पानं. मी ते त्या वेळच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलं. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरला कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरच्या जागी एक ठोकळा लावायला लागायचा, डोंगल. तो असेल तरच मराठी अक्षरं उमटणार. हे सॉफ्टवेअर मात्र मी रोख पैसे देऊन, पावती घेऊन घेतलेलं.

गुरुजींनी २५ झेरॉक्स प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग करून त्या वर्षीच्या यात्रेत ओळखीच्यांना वाटल्या. छापायचं पुढं बघू म्हणाले. मूळ वही त्यांच्या घरी पावसात गळक्या खोलीत गेली. "काही बिघडत नाही, कॉम्प्युटरात आहे ना," असं मीच त्यांना म्हणालो होतो.

२०११ मध्ये डोंगल जळालं. नव्या कॉम्प्युटरला ते लावायची जागाही नव्हती. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, जुनी आवृत्ती बंद, नवीन पूर्ण किमतीला घ्या, जुनी फाईल तिच्यात उघडेलच असं नाही. फाईल आजही माझ्या हार्ड डिस्कवर आहे. उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस अन् टिंबं. गुरुजी २०१६ मध्ये गेले. दोन-तीन कन्व्हर्टर लावून बघितले, अर्धवट शब्द निघतात, जोडाक्षरं सगळी फुटतात.

मन्मथ स्वामींचं 'परमरहस्य' किती शतकं झाली तरी घराघरांत पारायणाला बसतं. ज्यानं त्यानं उतरवून घेतलं म्हणून ते टिकलं. मी २००५ ची १३६ पानं सांभाळू शकलो नाही.

यंदा यात्रेत गुरुजींची मुलगी दुकानात आली. "दादा, बाबांचं ते लिखाण निघेल का हो? नातवाला दाखवायचंय." मी भाच्याकडं बघितलं, तो सीड्यांच्या पाकिटाकडं. त्या रात्री दोघांनी मिळून सगळा माळा खाली काढला. पहाटे अडीचला एका बॅनरच्या गुंडाळीत माझ्या प्रूफचं बाड सापडलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण वाचता येतं.

आता रोज रात्री दुकान बंद केल्यावर तीन-चार पानं युनिकोडमध्ये टाईप करतोय. भाचा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर प्रूफ वाचतो. काल ६८ वं पान झालं. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतोय, आणि प्रत्येक दहा पानं झाली की ताईंच्या, भाच्याच्या अन् माझ्या अशा तीन पेनड्राइव्हवर टाकतोय.

अडलंय ते इथं. बाडात ८३ ते ९४ ही १२ पानं नाहीत. बहात्तरच्या दुष्काळातली वारी बहुतेक त्यातच आहे. २००५ च्या कार्तिकीला गुरुजींनी वाटलेल्या २५ प्रतींपैकी एखादी तुमच्याकडं, तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत, मठातल्या कपाटात असेल तर बघा. निळं प्लॅस्टिक कव्हर, काळं स्पायरल, वर धबधब्याचं हातानं काढलेलं चित्र. मांजरसुंब्याला दुकानात आणून द्या. झेरॉक्स काढून पाच मिनिटांत परत देतो, चहा माझ्याकडून.